इनिएस्टासाठी परकं मैदान उठून का उभं राहायचं?

बार्सिलोना शहरात दोन मोठे फुटबॉल क्लब आहेत. एक साऱ्या जगाला ठाऊक असलेला बार्सिलोना, आणि दुसरा एस्पान्योल, ज्याचं नाव शहराबाहेर फारसं कुणी घेत नाही. धाकट्याला थोरल्याबद्दल काय वाटतं, हे कोल्हापूरकराला वेगळं सांगायला नको. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि प्रॅक्टिस हे दोन संघ समोरासमोर आले की पेठाच्या पेठा श्वास रोखून बसतात. तीच ईर्षा तिथंही आहे. १८ डिसेंबर २०१० रोजी बार्सिलोनानं एस्पान्योलला त्यांच्याच मैदानावर ५-१ असं लोळवलं. आणि तरीही त्या रात्री एस्पान्योलच्या प्रेक्षकांनी बार्सिलोनाच्या एका खेळाडूसाठी भरभरून टाळ्या वाजवल्या. आंद्रेस इनिएस्टा.

८ ऑक्टोबर २०२४ रोजी इनिएस्टानं निवृत्ती जाहीर केली. पाठीवर वर्षानुवर्षं मिरवलेला आठ नंबर, म्हणून तारीखही आठ. त्याच्यामागून नवीन पोरं बरीच आली, त्याच्याविना स्पेननं नवी विजेतेपदंही मिळवली, पण इनिएस्टाचं नाव निघालं की आवाज अजूनही मऊ होतो. फक्त बार्सिलोनाच्या चाहत्यांचा नाही, त्यांच्या कट्टर वैऱ्यांचा, रेआल माद्रिदवाल्यांचाही. हे कोडं वाटतं तितकं सोपं नाही, कारण प्रसिद्धीची आपली नेहमीची मापं त्याला लावून बघितली तर हाती फार काही लागत नाही.

गोल घ्या. बार्सिलोनाकडून तो ६७४ सामने खेळला आणि त्यात त्याचे गोल ५७. त्याच क्लबसाठी मेस्सीनं ६७२ केले. इनिएस्टाला एका हंगामात दहाचा आकडा कधी गाठता आला नाही. पुरस्कार घ्या. फुटबॉलमधला सगळ्यात मानाचा वैयक्तिक पुरस्कार म्हणजे 'बॅलन डिओर'. तो त्याला एकदाही मिळाला नाही. शरीरयष्टी म्हणाल तर उंची पाच फूट सात इंच, चेहरा फिकट, केस लवकर विरळ झालेले, अंगावर एकही टॅटू नाही. बाजारात सहज खपेल असं त्यात काही नव्हतं.

मग होतं काय? ते समजायला आधी त्याचं काम समजून घ्यावं लागेल.

नव्वद मिनिटांच्या सामन्यात कुठल्याही एका खेळाडूच्या पायाशी चेंडू असतो जेमतेम दोन-तीन मिनिटं. बाकीचा वेळ तो पळतो, थांबतो, बघतो. पुढच्या फळीतल्या माणसाचं काम सरळ दिसतं: गोल झाला की झाला. बचावातल्याचंही दिसतं. मधल्या फळीतल्याचं काम मात्र दिसतच नाही, कारण तो जागा तयार करतो, आणि रिकामी जागा टीव्हीवर दिसत नाही. समोरच्या संघाचे दोन खेळाडू त्याच्याकडे ओढले गेले की तेवढ्या वेळापुरती मैदानावर दुसरीकडे फट पडते. त्या फटीतून चेंडू जातो, तिसराच कुणी पास देतो, चौथा गोल करतो. कागदावर नाव उरतं चौथ्याचं, फार तर तिसऱ्याचं.

२०१२ च्या युरो, म्हणजे युरोपातल्या देशांच्या स्पर्धेतलं एक छायाचित्र आहे. स्पेन विरुद्ध इटली, ग्दान्स्कचं मैदान. मधोमध इनिएस्टा, चेंडू पायाशी, आणि त्याच्याभोवती निळ्या शर्टातले पाच इटालियन. पहिल्यांदा बघताना वाटतं, अडकला बिचारा. मग लक्षात येतं की पाच जण एकट्या इनिएस्टावर खर्ची पडले असतील तर बाकी मैदानावर इटलीकडे माणसं किती उरली? मधल्या फळीचं गणित मला त्या एका फोटोनं जितकं शिकवलं तितकं कुठल्याही आकडेवारीनं शिकवलेलं नाही. त्या स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून त्यालाच निवडलं गेलं, एकूण स्पर्धेत एकही गोल न करता.

त्याच्या दोन गोष्टी बघण्यासारख्या होत्या. एक, स्पॅनिश लोक जिला 'ला क्रोकेता' म्हणतात ती चाल. दोन बचावपटू दोन्ही बाजूंनी अंगावर येतात, आता चेंडू गेलाच असं वाटतं, आणि इनिएस्टा उजव्या पायाच्या आतल्या बाजूनं चेंडू डाव्या पायावर ढकलतो आणि डाव्यानं लगेच पुढे. टक-टक, दोन स्पर्श, एकाच दमात. दोघांच्या मधून माणूस निघून गेलेला असतो. ही चाल आधी डेन्मार्कच्या मायकेल लाउड्रुपची म्हणून ओळखली जायची. इनिएस्टाच्या पायात ती इतकी मुरली की आजची पोरं ती त्याचीच समजतात.

दुसरी गोष्ट म्हणजे थांबणं. सगळे धावत असताना चेंडूवर पाय ठेवून अर्धा क्षण नुसतं थांबायचं. समोरचा गोंधळतो, पाय टाकतो, आणि त्याचा तोल गेला की इनिएस्टा दुसऱ्या बाजूनं निघतो. या खेळात एक सभ्यपणा होता, असं मला मनापासून वाटतं. समोरच्याची टर उडवणं त्यात नव्हतं. हरलेल्या माणसाला आपण हरलो हे कळायचं, पण आपला अपमान झाला असं वाटायचं नाही. परक्या मैदानाचा राग त्याच्यावर का साचला नाही, याचं अर्धं उत्तर मला इथं सापडतं.

उरलेलं अर्धं मैदानाबाहेर आहे, आणि त्यासाठी थोडं मागं जावं लागेल.

इनिएस्टाचं गाव फ्वेंतेआल्बिया. स्पेनच्या मध्य भागात, ला मांचाच्या कोरड्या पठारावर, आल्बासेते प्रांतात. वस्ती सुमारे दोन हजार. वडील गवंडीकाम करायचे, आजोळचं गावात छोटं बार होतं. जन्म ११ मे १९८४ चा. बारा वर्षांचा असताना ब्रुनेते इथल्या मुलांच्या स्पर्धेत तो बार्सिलोनाच्या माणसांच्या नजरेत भरला आणि १९९६ मध्ये त्यांच्या 'ला मासिया' या वसतिगृहात दाखल झाला. ला मासिया म्हणजे स्टेडियमशेजारचं १७०२ सालचं जुनं शेतघर. क्लबनं तिथं बाहेरगावच्या मुलांची राहायची सोय केली होती. घरापासून जवळपास पाचशे किलोमीटर. घर सोडून तिथं राहायला लागल्यावर आपण किती रडलो, हे त्यानं स्वतःच पुढे अनेकदा सांगितलं आहे. घरची गरिबी आणि मुलाचे पाय यांच्यामध्ये सापडलेले आईबाप आपल्याकडच्या कुठल्याही क्रीडा प्रबोधिनीच्या दारात दिसतात, तसेच ते.

इथं स्पेनचा नकाशा डोळ्यासमोर आणला तर पुढचं समजायला सोपं जाईल. बार्सिलोना ही कातालोनियाची राजधानी. तिथली भाषा वेगळी, इतिहास वेगळा, आणि आपण स्पेनपासून वेगळे आहोत ही भावना तिथं अनेकांच्या मनात खोल रुजलेली. ला मांचा मात्र कास्तीलियन, म्हणजे प्रमाण स्पॅनिश बोलणाऱ्या, स्पेनचा गाभा. एक मुलगा कास्तीलियन बोलणाऱ्या खेड्यात जन्मतो आणि कातालान क्लबात वाढतो. तो कुणाचा? माद्रिदला तो आपल्या मातीतला वाटतो, बार्सिलोनाला आपल्या हातांनी वाढवलेला. दोन्ही बाजूंना तो आपला वाटू शकतो असे खेळाडू त्या देशात फार थोडे.

पहिल्या संघात तो ऑक्टोबर २००२ मध्ये आला. त्याच्याही आधीची एक गोष्ट क्लबमध्ये सांगितली जाते: संघातला ज्येष्ठ खेळाडू पेप ग्वार्डिओला यानं मधल्या फळीतल्याच तरुण झावीला म्हटलं होतं, तू मला निवृत्त करशील, पण हा पोरगा आपल्या सगळ्यांनाच निवृत्त करेल. झालं उलटंच, आणि सुंदर झालं. झावी आणि इनिएस्टा वर्षानुवर्षं शेजारी शेजारी खेळले आणि ग्वार्डिओला त्यांचा प्रशिक्षक झाला.

६ मे २००९ ची रात्र बार्सिलोनाचे लोक कधी विसरणार नाहीत. चॅम्पियन्स लीग या युरोपातल्या अव्वल क्लबांच्या स्पर्धेची उपांत्य फेरी, लंडनमध्ये चेल्सीच्या मैदानावर. बार्सिलोना ०-१ नं मागं, एक खेळाडू बाहेर काढला गेलेला, आणि ९३ व्या मिनिटापर्यंत गोलच्या दिशेनं एकही नेमका फटका नाही. मेस्सीनं चेंडू मागं सोडला आणि इनिएस्टानं पेनल्टी क्षेत्राच्या बाहेरून उजव्या पायानं वरच्या कोपऱ्यात लावला. दोन लढतींची बेरीज बरोबरीत होती, आणि तेव्हाच्या नियमानुसार परक्या मैदानावरचा गोल वरचढ धरला जायचा, म्हणून त्या एका गोलवर बार्सिलोना अंतिम फेरीत गेला. पेनल्टीच्या मागण्या फेटाळल्या म्हणून चेल्सीचे लोक त्या रात्रीच्या पंचांवर आजही चिडून आहेत, आणि त्यांच्या बाजूनं बघितलं तर ती चीड समजण्यासारखी आहे. पण त्यांचा तो राग पंचावर आहे, इनिएस्टावर नाही.

त्या गोलचा एक वेगळाच पाठलाग पुढे झाला. नऊ महिन्यांनी कातालोनियात जन्मदर वाढल्याची चर्चा सुरू झाली. वर्तमानपत्रांनी 'इनिएस्टा पिढी' असं नावही देऊन टाकलं. २०१३ मध्ये काही डॉक्टरांनी मध्य कातालोनियातल्या जन्मनोंदी तपासून ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापला: फेब्रुवारी २०१० मध्ये जन्म सुमारे १६ टक्क्यांनी जास्त होते. वर्तमानपत्री आकडे याहून बरेच फुगलेले होते, तरी वाढ खरी निघाली. लोकप्रियता मोजायचं इतकं जिवंत माप दुसऱ्या कुठल्या मिडफिल्डरच्या वाट्याला आलं असेल, असं मला वाटत नाही.

पण त्याच दिवसांत इनिएस्टा आतून ढासळत होता. मांडीला दुखापत झालेली असताना तो मे २००९ चा रोममधला अंतिम सामना खेळला, जिंकला, आणि त्याची किंमत शरीरानं पुढे अनेक महिने वसूल केली. उन्हाळ्यात मनही खचलं. सगळं काही मिळालेलं असताना काहीच बरं वाटत नव्हतं, असं त्यानं पुढे मोकळेपणानं सांगितलं. नैराश्य हा शब्द वापरून सांगितलं, डॉक्टरी मदत घेतल्याचंही सांगितलं. जगज्जेत्या खेळाडूनं हे उघड बोलणं तेव्हा दुर्मीळ होतं.

आणि ८ ऑगस्ट २००९ रोजी बातमी आली. इटलीत सराव शिबिराला गेलेला एस्पान्योलचा कप्तान दानी हार्के हॉटेलच्या खोलीत हृदय बंद पडून गेला. वय २६. एस्पान्योलचं नवं स्टेडियम उघडून आठवडाही झाला नव्हता. हार्के आणि इनिएस्टा क्लबनं वैरी, पण मित्र. २००२ मध्ये स्पेनच्या १९ वर्षांखालच्या संघानं युरोप जिंकलं तेव्हा दोघं एकत्र होते. गोव्याच्या फुटबॉलप्रेमींना या हार्केचा एक सहकारी चांगला ओळखीचा आहे. एफसी गोवाचा लाडका कोरो, म्हणजे फेरान कोरोमिनास, एस्पान्योलमध्ये वर्षानुवर्षं हार्केबरोबर खेळला होता. फातोर्ड्यावर ज्याच्या गोलांवर आपण नाचलो, त्याच्याही काळजात ते नाव होतं.

आता ११ जुलै २०१०, जोहान्सबर्ग. विश्वचषकाचा अंतिम सामना, स्पेन विरुद्ध नेदरलँड्स. आपल्याकडे तो मध्यरात्री बारा वाजता सुरू झाला होता. आमच्या घरात टीव्हीचा आवाज अगदी बारीक होता, आजी आतल्या खोलीत झोपली होती, आणि बाहेर पाऊस कोसळत होता. नव्वद मिनिटं गोलशून्य. सामना धसमुसळा, पंच हॉवर्ड वेब यांचा हात खिशातल्या पिवळ्या कार्डाकडे सारखा जात होता. जादा वेळही संपत आलेला. सव्वादोन वाजून गेले होते.

११६ वं मिनिट. डावीकडून तोरेसनं चेंडू आत टाकला, डच खेळाडूला तो नीट बाहेर काढता आला नाही, फाब्रेगासच्या पायाशी आला, आणि त्यानं उजवीकडे मोकळ्या असलेल्या इनिएस्टाकडे सरकवला. इनिएस्टानं पहिल्या स्पर्शात चेंडू थोपवला तेव्हा तो किंचित हवेत उसळला. घाईत मारला असता तर गेला असता प्रेक्षकांत. तो थांबला. तेच त्याचं थांबणं, चेंडू खाली येईपर्यंतचं. मग उजव्या पायानं तिरका फटका, गोलरक्षकाचा हात लागूनही आत. स्पेननं त्याआधी कधीच विश्वचषक जिंकला नव्हता. चौथ्या क्रमांकापलीकडे त्यांची मजल कधी गेली नव्हती.

त्यानं शर्ट काढला आणि कोपऱ्याकडे धावत सुटला. आत पांढरी बनियन, तिच्यावर निळ्या शाईत हातानं लिहिलेली स्पॅनिश अक्षरं: दानी हार्के, सदैव आमच्यासोबत. शर्ट काढला म्हणून नियमाप्रमाणे पिवळं कार्ड मिळालं. ते त्याला माहीत असणारच.

या एका क्षणात काय काय गुंतलं होतं ते आता उलगडून बघा. आदल्याच दिवशी, १० जुलैला, बार्सिलोनाच्या रस्त्यांवर लाखो लोक उतरले होते. कातालोनियाच्या स्वायत्ततेच्या कायद्यातली कलमं स्पेनच्या घटनापीठानं रद्द केल्याचा तो निषेध होता. देश ताणलेला होता. दुसऱ्या दिवशी त्या देशाला पहिला विश्वचषक मिळवून देणारा गोल करतो कास्तीलियन खेड्यातला, कातालान क्लबात वाढलेला मुलगा. आणि आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या क्षणी, कोट्यवधी लोक बघत असताना, तो छातीवर नाव दाखवतो ते स्वतःचं नाही, घरच्यांचं नाही, क्लबचं नाही. आपल्या क्लबच्या शेजारच्या वैऱ्याच्या मेलेल्या कप्तानाचं. ज्या क्लबकडे जग कधी बघत नाही त्या क्लबच्या दुःखाला त्यानं जगातली सगळ्यात मोठी जागा दिली. एस्पान्योलचे लोक पाच महिन्यांनी टाळ्या वाजवत होते त्या याच्यासाठी.

मला वाटतं, इनिएस्टाच्या टिकलेल्या लोकप्रियतेचं मर्म इथं आहे. आपल्या चाहत्यांचं प्रेम प्रत्येक मोठ्या खेळाडूला मिळतं, पण ती पिढी म्हातारी झाली की ते ओसरतं, आणि नव्या पोरांना नवा देव मिळतो. ज्याला परक्यांनीही आपलं मानलं त्याची आठवण मात्र अनेक घरांत वाटली गेलेली असते. एका क्लबच्या वाईट दिवसांनी ती पुसली जात नाही. त्या विश्वचषकानंतर स्पेनमधल्या बहुतेक मैदानांवर इनिएस्टा बाहेर निघाला की टाळ्या पडायच्या. रेआल माद्रिदच्या बेर्नाबेऊवर बार्सिलोनाच्या खेळाडूला टाळ्या मिळणं म्हणजे काय! १९८३ मध्ये माराडोनाला मिळाल्या, २००५ मध्ये रोनाल्डिन्योला. २१ नोव्हेंबर २०१५ रोजी बार्सिलोनानं तिथं ४-० नं जिंकताना इनिएस्टानं एक सणसणीत गोल केला, आणि तो बदली होऊन बाहेर निघाला तेव्हा माद्रिदचं मैदान उठून उभं राहिलं.

बॅलन डिओरचं सांगायचं राहिलं. २०१० चा पुरस्कार मेस्सीला मिळाला, इनिएस्टा दुसरा, झावी तिसरा; तिघंही ला मासियात घडलेले. विश्वचषकाच्या वर्षी, अंतिम सामन्यातला एकमेव गोल करणारा दुसरा कसा, हा वाद तेव्हापासून चालू आहे. २०१८ मध्ये, तो बार्सिलोना सोडणार असं दिसू लागल्यावर, पुरस्कार देणाऱ्या 'फ्रान्स फुटबॉल'नं संपादकीय लिहून त्याची चक्क माफी मागितली. माझं मत विचाराल तर त्या न मिळालेल्या पुरस्कारानं त्याचं नुकसान झालं नाही. 'त्याला मिळायला हवा होता' हे वाक्य आज लाखो लोक बोलतात, आणि दर वेळी ते बोलताना त्याची आठवण ताजी होते.

२० मे २०१८ ला तो बार्सिलोनाकडून शेवटचा खेळला. ३२ करंडक, त्यात नऊ स्पॅनिश लीग आणि चार चॅम्पियन्स लीग. सोहळा संपला, लोक घरी गेले, दिवे मंद झाले, आणि मध्यरात्र उलटून गेल्यावर तो अनवाणी पायांनी रिकाम्या कॅम्प नोऊच्या मधोमध जाऊन एकटाच बसला. कुणीतरी तो फोटो काढला. लाखभर माणसं बसतील एवढ्या मैदानावर एक ठिपका.

पुढे तो जपानमध्ये कोबे शहराच्या विस्सेल क्लबकडे गेला आणि पाच वर्षं राहिला. १ जानेवारी २०२० रोजी टोकियोच्या नव्या राष्ट्रीय मैदानावर त्या क्लबनं सम्राट चषक जिंकला, क्लबच्या इतिहासातला पहिला मोठा करंडक. युरोपातच राहून आणखी चार करंडक गोळा करण्याऐवजी त्यानं दूरच्या देशातला एक साधा क्लब निवडला आणि तिथल्या पोरांना चेंडूवर पाय ठेवून थांबायला शिकवलं. गावाकडे, फ्वेंतेआल्बियात, घरच्या द्राक्षमळ्यांतून वाइन तयार होते. तिच्यातल्या एका बाटलीवर नाव आहे 'मिनुतो ११६', म्हणजे ११६ वं मिनिट.

एस्पान्योलच्या मैदानावर आजही प्रत्येक सामन्यात २१ वं मिनिट लागलं की खेळ चालू असतानाच सगळं स्टेडियम टाळ्या वाजवतं. २१ हा दानी हार्केचा नंबर होता.